शोकाचे दिवस कोण मोजतं?

[दृश्य : गळ्याशी फाटलेला सदरा, अगदी जवळून]

ज्यू घरात जवळचं माणूस गेलं की सदरा फाडायचा तो गळ्यापाशी, पुढून, वरून खाली. चार बोटं, म्हणजे आठेक सेंटिमीटर. आई किंवा वडील गेले असतील तर डावीकडे, काळजावरची छाती उघडी पडेपर्यंत. भावंडं, जोडीदार किंवा मूल गेलं असेल तर उजवीकडे. खालच्या काठाला फाडलं तर ते धरत नाहीत. बसून फाडलेलंही चालत नाही, कारण ईयोबाने उठून आपला झगा फाडला, असं शास्त्रात लिहिलंय. इतरांसाठी फाडलेलं कापड ७ दिवसांनी टाचता येतं, ३० दिवसांनी नीट शिवता येतं. आईवडिलांसाठी फाडलेलं ३० दिवसांनी टाचायचं, नीट मात्र कधीच शिवायचं नाही.

हे ज्यू परंपरेतले नियम. पण तोरा, म्हणजे जुन्या कराराची पहिली पाच पुस्तकं, उघडून बसलात तर ते एका जागी सापडणार नाहीत. तिथे सुटे प्रसंग आहेत. योसेफ बापासाठी ७ दिवस शोक करतो. मोशेसाठी मवाबाच्या मैदानात लोक ३० दिवस रडतात. पुढे ईयोबाच्या कथेत त्याचे मित्र ७ दिवस, ७ रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहतात आणि अवाक्षर काढत नाहीत. म्हणून आजही भेटायला आलेल्याने आपणहून बोलायला सुरुवात करायची नसते. आधी घरच्या माणसाने तोंड उघडायचं.

यहेज्केल संदेष्ट्याचा प्रसंग तर भलताच आहे. तुझी बायको जाणार, पण तू रडायचं नाहीस, असं देव त्याला बजावतो. फेटा बांध, पायांत जोडे घाल, ओठ झाकू नकोस, लोकांनी आणलेलं अन्न खाऊ नकोस. रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, हे उलटं वाचलं : त्याला जे मना केलं, तोच बाकीच्यांचा रिवाज असणार. म्हणून शिव्हाच्या, म्हणजे दफनानंतरच्या शोकाच्या, ७ दिवसांत चामड्याचे जोडे घालत नाहीत, आणि दफनानंतरचं पहिलं जेवण शेजाऱ्यांनी आणायचं असतं. त्यात बहुधा उकडलेली अंडी आणि मसूर.

शोकाला हद्दही घातलेली आहे. मेलेल्यासाठी अंगावर वार करून घेऊ नका, असं तोरातलं लेवीय हे पुस्तक बजावतं. रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ असलेल्या तालमूदचा हिशेब आणखी रोखठोक : रडायला ३ दिवस, विलापाला ७, आणि केस न कापता, घडीचे कपडे न घालता ३०. त्यापुढेही जो थांबत नाही त्याला देव विचारतो, माझ्यापेक्षा तुला त्याची जास्त दया येते का?

[दृश्य : थेस्सलनीका, आजचं शहर आणि जुने अवशेष]

नव्या करारात दिवसांची गणती नाही, कापडाचं माप नाही. इ.स. ५०च्या सुमारास पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला पत्र लिहितो. तिथल्या लोकांना एकच घोर लागलाय : प्रभू परत येण्याआधी जे मेले, त्यांचं काय? पौल सांगतो, ज्यांना आशा नाही त्या इतरांसारखा शोक करू नका. घोटाळा होतो तो इथेच. अंत्यविधीच्या वेळी यातलं ‘शोक करू नका’ एवढंच पुढे केलं जातं आणि विधवेला डोळे पुसायला लावतात. पौलाने रडण्याला बंदी घातलेली नाही. तो सांगतोय ते कोणत्या भरवशावर रडायचं याबद्दल.

योहानाच्या शुभवर्तमानात याला आधार आहे. लाजराला कबरेत ठेवून ४ दिवस झालेत, आपण त्याला उठवणार हे येशूला ठाऊक आहे, आणि तरीही तो रडतो. ज्याची मुलगी गेली त्या याईराच्या घरी मात्र तो आक्रोश करणाऱ्यांना बाहेर काढतो. मत्तय तिथे पावा वाजवणाऱ्यांचाही उल्लेख करतो. मिश्ना या ज्यू नियमसंग्रहामध्ये रब्बी यहुदांचं मत आहे की इस्राएलातल्या गरिबातल्या गरिबानेही बायकोच्या अंत्यविधीला किमान २ पावेवाले आणि १ रडणारी बाई बोलवावी. म्हणजे मत्तयाने तिथलाच रिवाज टिपला.

त्यामुळे ‘जुना करार रडतो, नवा करार आशा देतो’ हे सरसकट वाक्य आम्हाला पटत नाही. श्रद्धेपायी मारल्या गेलेल्या स्तेफनाला मूठमाती देताना पहिल्या ख्रिस्ती पिढीच्या काळातच भक्तिमान माणसांनी मोठा विलाप केला, हे प्रेषितांच्या कृत्यांत नोंदलंय. उलट, देव सर्वांच्या डोळ्यांतले अश्रू पुसेल हे नव्या करारातल्या प्रकटीकरणातलं वचन मुळात जुन्या करारातल्या यशयाचं. बेथलेहेममधली मुलं मारली गेली तेव्हा मत्तय जुन्या करारातल्या यिर्मयातली राहेल आठवतो : लेकरांसाठी रडणारी, सांत्वन नाकारणारी. यिर्मयाच्या पुढच्याच ओळीत देव तिला म्हणतो, रडणं आवर. मत्तय त्या ओळीच्या आधीच थांबतो.

दिवस न सांगितल्याची अडचण पुढे चर्चला जाणवली. ३९५ साली मिलानमध्ये सम्राट थिओडोसियसच्या मृत्यूनंतर ४०व्या दिवशी बिशप अँब्रोज बोलायला उभे राहिले. कुणी ३रा आणि ३०वा दिवस पाळतात, कुणी ७वा आणि ४०वा, असं त्यांनी सांगितलं. ३०साठी दाखला दिला मोशेचा. ४०साठी याकोबाचा, ज्याच्या देहाला मिसर देशात मसाले भरायला तितके दिवस लागले होते. गोव्यातली कॅथलिक कुटुंबं आजही सातव्या दिवशी आणि महिना भरल्यावर मृतासाठी मिस्सा अर्पण करतात.