'एवढंसंच दिलं'

मागे ऐकू येतंय ना? बरं. नोटिस बोर्डावर विषय लिहिलाय 'लहान कुत्र्याचं पोट बिघडल्यास घरगुती खाणं', आणि मला पस्तीस मिनिटं मिळालीत कारण सात वाजता याच हॉलमध्ये झुंबा आहे. म्हणून मुद्दा आधीच सांगून टाकते, ज्यांच्या कुकरच्या शिट्ट्या राहिल्यात त्यांनी मग गेलं तरी चालेल. पोट बिघडलं की आपण विचारतो याला काय देऊ. त्याच्याआधी विचारायचं, घरात कोणकोण काय देतंय. पथ्य कुत्र्याला कमी आणि घरच्यांना जास्त लागतं.

आता आमचा गुंड्या. पाच किलो, पांढरा, शेपटी पाठीवर गुंडाळलेली. घोडबंदर रोडला सगळे त्याला पॉमेरेनियन म्हणतात, मीही म्हणायचे, खरं म्हणजे आपल्याकडे पॉम म्हणून जे फिरतात ते बहुतेक इंडियन स्पिट्झ, पण तो विषय काढला तर झुंबा रद्द करावा लागेल. तर मागच्या दिवाळीत भाऊबीजेच्या रात्री अडीच वाजता हा माझ्या बाजूला येऊन उभा. भुंकणं नाही काही नाही, नुसता उभा, कान मागे, पाठ कमानीसारखी वर. आम्ही चौदाव्या मजल्यावर. मी गाऊनवर शाल टाकली, लिफ्ट बोलावली, आत शिरलो आणि अकराव्या मजल्यावर... कुत्रेवाले आहेत ना इथे, त्यांना पुढचं सांगायला नको. हसताय म्हणजे तुमचंही झालंय. मग बादली, फिनेल, जुना टॉवेल, रात्री तीनला मी लिफ्टच्या दारात पाट अडकवून लादी पुसतेय, आणि एवढं करून सकाळी ग्रुपवर फोटो! कशाचा, तर पुसलेल्या लिफ्टचा! ओली लादी दिसतेय फक्त, आणि खाली 'पेट ओनर्सनी जबाबदारीने वागावे' आणि त्याला सतरा अंगठे. सतरा! मी मोजले. फोटो कोणी काढला ते मला माहितीय, नाव घेणार नाही, ते आज आलेले नाहीत.

असो. सकाळी मी आंघोळीला गेले तेवढ्यात सासूबाईंनी त्याला दूधभात दिला. 'बिचाऱ्याचं पोट रिकामं झालंय गं.' दहा वाजेपर्यंत अजून दोनदा. पिल्लाचं वय संपलं की बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही, तशीच खाली उतरते आणि जुलाब वाढवते. सासूबाईंना हे पटत नाही, त्यांच्या माहेरचं कुत्रं म्हणे दुधावरच वाढलं.

मग व्हेट. माझ्या वडिलांच्या काळी कुत्रं आजारी पडलं की टॅक्सी करून थेट परळ, बैलघोडा हॉस्पिटल, 1883 पासून ते तिथे आहे, आणि जाऊन येईपर्यंत अख्खा दिवस. आता ठाण्यात नाक्यानाक्यावर व्हेट आहेत. आमच्या डॉक्टरांनी ताप बघितला, ओठ वर करून हिरड्या दाबल्या, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लगेच जागेवर बसली म्हणजे अंगातलं पाणी फार गेलेलं नाही. मग विचारलं, काल काय खाल्लं? मी म्हटलं नेहमीचंच, ड्राय फूड. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कागद पेन पुढे सरकवलं आणि म्हणाले घरी फोन लावा, एकेकाला वेगवेगळा.

अहो, काय सांगू. सासूबाई, अर्धी करंजी, एवढंसंच. नवरा, भाताला मटणाचा रस्सा लावून दोन घास, एवढंसंच. मुलगी, चकलीचे तुकडे, 'तो पाय देत होता मम्मा'. माझा भाऊ, चिवडा. तिथे डॉक्टरांनी हात वर केला, चिवड्यात मनुका होत्या का? नव्हत्या, सासूबाईंना आवडत नाहीत म्हणून आमच्याकडे घालत नाहीत, नशीब! मनुका, बेदाणे, द्राक्षं यांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते आणि किती खाल्ल्यावर ते आधी सांगता येत नाही. आणि कागदावर शेवटचं नाव माझं. बासुंदीची वाटी मीच चाटायला खाली ठेवली होती.

डॉक्टर म्हणाले तुम्ही साठ किलो धरा, तो पाच, म्हणजे त्याची अर्धी करंजी ही तुमच्या सहा करंज्या. वर रस्सा, चकली, चिवडा, बासुंदी. एवढ्या तेला-तुपाने नुसते जुलाब नाही, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. रश्श्यातला कांदा-लसूण तर त्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो, त्याचा त्रास काही वेळा दोन-चार दिवसांनी दिसतो. तो कागद अजून आमच्या फ्रिजवर आहे, सह्यांसकट.

काय, दहाच मिनिटं? अहो मी आत्ता तर... बरं बरं. लिहून घ्या, पटापट सांगते.

चिकन बोनलेस, कातडी काढून, नुसत्या पाण्यात उकडायचं. मीठ नाही, हळद नाही, आलं-लसूण नाही, वरचं तेल काढून टाकायचं. दोन भाग मऊ पांढरा भात, एक भाग कुस्करलेलं चिकन. पाच किलोच्या कुत्र्याला दिवसभराचं मिळून साधारण एक मोठी वाटी, पहिल्या दिवशी त्याहून कमीच, आणि ते पाच-सहा वेळा थोडं थोडं. उपाशी ठेवायचं का? मोठ्या कुत्र्याला काही तास चालतं, पण पिल्लू किंवा अगदी चिमुकलं कुत्रं उपाशी ठेवू नका, रक्तातली साखर उतरते. पाणी सतत समोर.

लाल भोपळा. इंटरनेटवर सगळे डब्यातला भोपळा सांगतात, मी तो ऑनलाइन शोधत बसले होते, आणि जांभळी नाक्यावर ढीग लागलेला असतो! फोड उकडून कुस्करायची, एक छोटा चमचा जेवणात मिसळायचा, त्यातला फायबर पाणी धरून ठेवतो. जास्त घातलात तर उलटं होईल. आधी दही पचत असेल तर एक चमचा साधं दही, गोड नाही. शाकाहारी मंडळींनो, मऊ भातात थोडी शिजलेली मूगडाळ, फोडणी आणि हिंग न घालता, पण डाळ कधीच खाल्ली नसेल तर आजारपणात प्रयोग नको. हे सगळं दोन-तीन दिवसच, यात पूर्ण पोषण नाही. शी बांधून यायला लागली की नेहमीचं खाणं पाव भाग, अर्धं असं करत चार-पाच दिवसांत परत आणायचं.

आणि हे खाणं कधी करत बसायचं नाही? शीतून रक्त, किंवा डांबरासारखी काळी शी, पाणीसुद्धा उलटून पडतंय, कुत्रं मलूल, हिरड्या फिक्या नाहीतर कोरड्या, किंवा लस पूर्ण न झालेलं पिल्लू, तिथे पार्वोची, म्हणजे पिल्लांच्या जीवावर बेतणाऱ्या विषाणूच्या जुलाबाची, भीती असते, भात शिजेपर्यंत पण थांबू नका. एक दिवसात उतार नाही तरी जा. आपल्या डब्यातल्या गोळ्या, पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, जुलाब बंद करायची गोळी, काही म्हणजे काही मनाने द्यायचं नाही.

प्रश्न एकच घेते, झुंबावाल्या दारात उभ्या आहेत. हो, चिकनचं उकडलेलं पाणी चालेल भातावर, गाळून, गार करून, वरचं तेल काढून. हाडं नकोत, शिजलेलं हाड चिरतं आणि आत टोचतं. आणि चहा बाहेर ठेवलाय, चहाबरोबर खारी आहे. दुसऱ्या रांगेतल्या वहिनी, तुमच्या मांडीवरचा आत्तापासून नाक वर करतोय.