अंगावर पांघरूण, 295 डॉलर दंड

उद्यानातला मुक्काम म्हणजे नेमकं काय, हे ग्रँट्स पासच्या पालिकेनं बारकाईनं लिहून ठेवलं होतं. अंथरूण टाकलं, पांघरूण ओढलं, की झाला मुक्काम. दंड 295 डॉलर. वेळेत भरला नाही, तर 537. पुढे उद्यानात यायलाच बंदी. ती मोडली, तर 30 दिवसांपर्यंत तुरुंग.

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातलं हे जेमतेम 38 हजार वस्तीचं गाव. त्यात सुमारे 600 माणसं बेघर.

उद्यान मुलांसाठी सुरक्षित राहिलं नाही, हे गावकऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. घसरगुंडीपाशी वापरलेल्या सुया दिसल्या, रात्री शेकोट्या पेटल्या, की कोण आपलं पोर तिथं खेळायला धाडेल? त्यांना निर्दयी म्हणून मोकळं होता येतं; सुई तिथंच राहते.

पण त्या बागेत सगळ्यांत असुरक्षित कोण? तंबूतलं कुटुंब. तंबूला कुलूप नसतं, म्हणून आईबापांतलं एक जण जागं. थंडीत आत स्टोव्ह पेटवावा, तर विषारी वायूची धास्ती.

मग एखाद्या सकाळी तंबू हटवायला गाडी येते. गाद्यांबरोबर जन्मदाखला जातो, ओळखपत्र जातं, औषधं जातात. आणि भाड्याचं घर बघायला गेलं, की आधी मागतात तीच कागदपत्रं. वर थकलेला दंड. बाग मोकळी झाली म्हणायचं; कुटुंब पुढच्या बागेत.

मुलांच्या शाळेचं तेवढं बरं आहे. 1987 च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्यामुळे पत्ता नाही, दाखला नाही, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

28 जून 2024 ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 6 विरुद्ध 3 मतांनी पालिकेचा दंड वैध ठरवला. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी विरोधात लिहिलं, की झोप ही शरीराची गरज आहे, गुन्हा नव्हे.

या निकालानं पालिकांना दंड करायची मुभा दिली, सक्ती केलेली नाही. हा फरक सोयीस्करपणे विसरला जातो. शिवाय ओरेगॉनचा 2021 चा राज्य कायदा आहेच: उघड्यावर झोपण्याचे नियम वेळ, जागा आणि पद्धत पाहता वाजवी हवेत. रोज पहाटे झोपलेल्या लेकरांना उठवून तंबू गुंडाळायला लावणं वाजवी का, हे आता गावोगावच्या पालिका सभांमध्ये ठरायचं आहे. तिथं घसरगुंडीजवळच्या आया येतात. तंबूतल्या आयांनाही बोलवायला हवं.