बारा जणांची समिती आणि बाकीचे सगळे

(दृश्य : वॉशिंग्टन. संसदेचा पांढरा घुमट, पायऱ्यांवर पत्रकारांची गर्दी.)

२ ऑगस्ट २०११. अमेरिकेच्या सरकारची कर्ज काढण्याची कायदेशीर मर्यादा संपत आली आहे. ती आज वाढली नाही, तर देणी भागवणं अवघड होईल, असं अर्थखात्याने आधीच बजावलं आहे. दुपारी सिनेट ७४ विरुद्ध २६ मतांनी एक कायदा मंजूर करते आणि राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा त्यावर सही करतात. नाव, बजेट कंट्रोल ॲक्ट.

संकट टळलं. पण या कायद्याच्या पोटात एक समिती होती आणि तिने अमेरिकेतल्या सामान्य माणसाची झोप उडवली. कायद्यातलं तिचं नाव लांबलचक होतं. लोक तिला ‘सुपर कमिटी’ म्हणू लागले. काही जण तर ‘सुपर काँग्रेस’ म्हणाले, म्हणजे संसदेच्या डोक्यावर बसवलेली दुसरी संसद.

सदस्य बारा. सहा सिनेटचे, सहा प्रतिनिधीगृहाचे. सहा डेमोक्रॅट, सहा रिपब्लिकन. दोन्ही सभागृहांतल्या दोन्ही पक्षांच्या चार नेत्यांनी प्रत्येकी तीन नावं दिली आणि समिती तयार झाली. काम एकच होतं : दहा वर्षांत तूट किमान दीड लाख कोटी डॉलरने कमी करण्याची योजना आखायची. मुदत २३ नोव्हेंबर.

आता तिची ताकद किती होती, ते बघा. आपल्याकडे संसदेची संयुक्त समिती किंवा स्थायी समिती अहवाल देते, तो सरकारवर बंधनकारक नसतो. विधेयक सभागृहात आलं की कोणताही खासदार त्याला दुरुस्ती सुचवू शकतो. ती फेटाळली गेली, तरी कामकाजात तिची नोंद राहते. इथे तसं नव्हतं. बारापैकी सात जणांनी होकार दिला, की त्यांची योजना थेट दोन्ही सभागृहांत मतदानाला येणार. त्यात स्वल्पविरामही बदलायचा नाही. प्रतिनिधीगृहात चर्चा दोन तास, सिनेटमध्ये तीस. भाषणं लांबवून विधेयक अडवण्याचं सिनेटचं जुनं हत्यारही इथे चालणार नव्हतं.

संसदेत ५३५ सदस्य. त्यातले ५२३ फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणार.

(दृश्य : अमेरिकेचा नकाशा. अकरा राज्यं रंगवलेली, बाकीची कोरी.)

हा नकाशा नीट पाहा, लोकांच्या रागाचं मूळ इथे आहे. बारा सदस्य अकरा राज्यांतले. मिशिगनचे दोन. न्यूयॉर्कचा एकही नाही. फ्लोरिडाचा नाही, इलिनॉयचाही नाही. फ्लोरिडात पेन्शनवर जगणारी लाखो म्हातारी माणसं आहेत. त्यांच्या औषधपाण्याचा खर्च मेडिकेअर या सरकारी विम्यातून भागतो. त्या विम्याला कात्री लावायची की नाही, याचा मसुदा ज्या खोलीत ठरणार, तिथे त्यांनी निवडून दिलेलं कोणीही नव्हतं. बारा जणांत बाई एकच, सहअध्यक्ष पॅटी मरे.

डावीकडच्यांना वाटलं, सोशल सिक्युरिटी ही सरकारी पेन्शन आणि मेडिकेअर यांचा बळी जाणार. उजवीकडच्यांना वाटलं, मागच्या दाराने कर वाढणार. सिनेटमध्ये डावे बर्नी सँडर्स आणि प्रतिनिधीगृहात उजवे रॉन पॉल, एरवी दोन टोकांची माणसं, दोघांनीही या कायद्याविरुद्ध मत दिलं होतं. अविश्वास दोन्हीकडून होता, त्यामुळे त्याला एका पक्षाचा कांगावा म्हणून बाजूला सारता येत नाही.

आणि पैसा. पॅटी मरे त्याच वेळी सिनेटच्या निवडणुकांसाठी डेमोक्रॅटिक पक्षाचा निधी गोळा करणाऱ्या समितीच्याही प्रमुख होत्या. सहाच्या सहा रिपब्लिकन सदस्यांनी ‘कर वाढवणार नाही’ अशा लेखी प्रतिज्ञेवर आधीच सह्या केलेल्या होत्या. औषध कंपन्या, संरक्षण कंत्राटदार, रुग्णालयांच्या संघटना, सगळ्यांचं या बारा जणांच्या निर्णयावर कोट्यवधींचं भवितव्य टांगलेलं. पारदर्शकतेसाठी झगडणाऱ्या सनलाइट फाउंडेशनसारख्या संस्थांनी साधी मागणी केली : या मुदतीत तुम्हाला कोण देणगी देतं, ते लगेच जाहीर करा. कायद्याने तसं बंधन घातलंच नाही.

(दृश्य : १३ सप्टेंबर २०११. सुनावणीचं दालन, लाकडी टेबलं, माइक.)

समितीच्या मोजक्याच सुनावण्या जनतेसमोर झाल्या. या सुनावणीत साक्ष द्यायला बसले आहेत डग्लस एल्मेनडॉर्फ, संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाचे संचालक. ते शांतपणे सांगताहेत, की देशातल्या म्हाताऱ्यांची संख्या वाढते आहे, आरोग्यसेवा महागते आहे. लोकांना एकतर जास्त कर भरावा लागेल, नाहीतर कमी सेवांवर भागवावं लागेल, किंवा दोन्ही. दालनाबाहेर निदर्शकांचा गलका चालू आहे. त्यांना नोकऱ्या हव्या आहेत. त्या महिन्यात देशात बेरोजगारीचा दर ९ टक्के होता.

साक्ष खरी होती आणि घोषणाही खरी होती. पण सौदा ठरत होता तो तिसऱ्याच ठिकाणी, बंद दाराआड, आणि तिथलं कोणी बाहेर ताकास तूर लागू देत नव्हतं.

बंद दाराच्या बाजूनेही बोलणारे होते. उघड्यावर कोणताही नेता एक पाऊल मागे घेत नाही, घेतलं की त्याच संध्याकाळी त्याच्याच पक्षाचे लोक त्याच्यावर तुटून पडतात, म्हणून तडजोड बंद खोलीतच होते, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे, ते मी नाकारणार नाही. आपल्या संसदेच्या समित्याही बंद दारामागेच बसतात. पण तिथून आलेला कागद सभागृहात बदलता येतो. खोली बंद आणि कागदही बंद, हे मात्र लोकांनी का मान्य करावं, याचं उत्तर मला कुणाच्याच भाषणात सापडलं नाही. त्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क टाइम्स आणि सीबीएस यांच्या पाहणीत संसदेच्या कामावर समाधानी असलेले लोक निघाले अवघे ९ टक्के.

२१ नोव्हेंबरला दोन्ही सहअध्यक्षांनी, पॅटी मरे आणि जेब हेन्सरलिंग यांनी, लेखी निवेदन काढलं : मुदतीत एकमत होणं शक्य नाही. एवढे अधिकार हातात असूनही मतदानाला ठेवायला योजनाच नव्हती.

(दृश्य : विमानतळावरची रांग. मग एक बालवाडी, भिंतीवर मुलांची चित्रं.)

पण गोष्ट इथे संपली नाही. समिती अपयशी ठरली तर एक सरसकट कपात आपोआप लागू होईल, अशी तरतूद कायद्यातच होती. निम्मी संरक्षणात, निम्मी बाकीच्या खर्चात. ती मुद्दाम इतकी वाईट ठेवली होती, की तिच्या धाकाने तरी बारा जण एकत्र येतील. ते आले नाहीत. १ मार्च २०१३ रोजी कपात सुरू झाली. त्या वर्षापुरती सुमारे ८,५०० कोटी डॉलरची.

राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेच्या निधीतून १५५ कोटी डॉलर गेले. तिच्या अनुदानावर जगभरातून आलेल्या संशोधकांच्या प्रयोगशाळा चालतात, त्यात आपली मराठी मुलंही आहेत.

एप्रिलमध्ये हवाई वाहतूक नियंत्रकांना सक्तीची बिनपगारी रजा दिली गेली. विमानं खोळंबली. त्या विमानांत खासदारही असतात. आठवड्याच्या आत दोन्ही सभागृहांनी वेगळा कायदा करून ही रजा रद्द करवली.

हेड स्टार्ट ही गरीब घरातल्या लहान मुलांसाठीची सरकारी योजना. शिक्षण, जेवण, आरोग्य तपासणी, सगळं तिच्यात येतं. कपातीमुळे तिथल्या ५७,००० मुलांच्या जागा गेल्या. काही केंद्रांनी तर कोणती मुलं ठेवायची, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. त्या मुलांसाठी आठवड्याभरात कायदा झाला नाही.

बारा जणांना काय भोगावं लागलं? जॉन केरी २०१३ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले. हेन्सरलिंग प्रतिनिधीगृहाच्या वित्तसेवा समितीचे अध्यक्ष झाले. हॅविएर बेसेरा २०२१ मध्ये आरोग्यमंत्री झाले. मेडिकेअर आणि हेड स्टार्ट दोन्ही याच खात्याखाली येतात. या माणसांची लायकी नव्हती, असं मला म्हणायचं नाही. पण ज्या आईने चिठ्ठीत आपल्या मुलाचं नाव निघालं नाही म्हणून कामावरची रजा टाकली असेल, तिने जाब कुणाला विचारायचा? समिती बरखास्त झालेली. तिच्या स्थानिक खासदाराकडे सांगायला तयार उत्तर : मी त्या खोलीत नव्हतो. आणि कपात तर ‘आपोआप’ झालेली.

याच आपोआप कपातीतली एक, मेडिकेअरमधून डॉक्टरांना आणि रुग्णालयांना मिळणाऱ्या रकमेतली २ टक्के कपात, मूळ कायद्यानुसार २०२१ पर्यंतच होती. कोविडच्या काळात ती थांबवली गेली, नंतर पुन्हा सुरू झाली. तिची मुदत संसद एकामागून एक कायद्यांत गुपचूप वाढवत आली आहे. आता ती २०३० च्याही पुढे गेली आहे.