जॉबशीटवरची एक ओळ

मंडळी, नमस्कार. फलकावर विषय लिहिलाय 'सदोष लॅपटॉप आणि ग्राहक आयोग'. आयोगाकडे मी येणारच आहे. पण त्याआधी एका कागदाबद्दल मला बोलू द्या, कारण आयोगासमोर आपली बाजू टिकते की कोसळते, ते बरंचसं त्या कागदावर ठरतं. तो कागद म्हणजे सर्व्हिस सेंटरची जॉबशीट, म्हणजे लॅपटॉप दुरुस्तीला घेताना तिथे आपली तक्रार लिहून घेतात तो फॉर्म. सही करण्याआधी ती पूर्ण वाचणाऱ्यांनी हात वर करा बरं. दोन-तीनच हात दिसतायत, आणि तेही बँकेतून निवृत्त झालेल्यांचे असणार!

होतं काय, बघा. नवा लॅपटॉप अधूनमधून आपोआप बंद पडतो. काउंटरवर आपण पाच मिनिटं तळमळीने सगळं सांगतो आणि समोरचा मुलगा टाइप करतो, 'स्लो वर्किंग, चेक'. चार दिवसांनी लॅपटॉप परत येतो, शेरा 'टेस्टेड ओके'. तो पुन्हा बंद पडतो, आपण पुन्हा जातो. या वेळी लिहिलं जातं 'विंडोज इश्यू', आणि सॉफ्टवेअर नव्याने टाकून मिळतं. तिसऱ्यांदा 'हँग होतो'. आपल्या लेखी एकच दोष तीनदा आला. कागदावर मात्र तीन किरकोळ, वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्ही सोडवलेल्या आहेत. कंपनीचा वकील हेच तीन कागद पुढे करतो. मला राग येतो तो याचा. त्या मुलाचा नाही येत, त्याच्यामागे रांग असते.

आता दोष सेंटरमध्ये सापडत का नाही? कारण तो बऱ्याचदा उष्णतेचा असतो. मदरबोर्डवर चिपखाली झाळकामाचे बारीक ठिपके असतात. एखाद्याला तडा गेलेला असला, तर बोर्ड तापून प्रसरण पावला की जोड सुटतो आणि थंड झाला की पुन्हा टेकतो. एसीत, टेबलावर, वीस मिनिटं चालू ठेवून तो कसा दिसणार? म्हणून तक्रार लिहायची ती परिस्थितीसकट: 'चार्जर जोडून व्हिडिओ कॉल सुरू असताना साधारण चाळीस मिनिटांनी पूर्ण बंद, दहा मिनिटं थंड झाल्यावर सुरू, आधीच्या जॉबशीट क्रमांक अमुकमधलाच दोष.' हे शेवटचे शब्द कधीही सोडू नका. काउंटरवरचा माणूस 'एवढं बसत नाही' म्हणाला, तर छापील प्रतीवर पेनाने लिहा, शिक्का घ्या, फोटो काढा. तेही नाकारलं, तर तिथे उभ्या-उभ्या कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर मजकूर ई-मेल करा.

स्क्रीनचंही तसंच. उभ्या रेषा येत असतील तर एचडीएमआय केबलने घरचा टीव्ही जोडा. टीव्हीवर चित्र स्वच्छ असेल, तर संशय स्क्रीनवर किंवा बिजागरीतून जाणाऱ्या केबलवर. तिथेही रेषा असतील, तर ग्राफिक्स किंवा मदरबोर्ड. आणि झाकण एका ठरावीक कोनात नेलं की रेषा येत असतील, तर बहुधा केबलच. हे तीन शब्दांत जॉबशीटवर आलं, की 'सॉफ्टवेअर टाकून बघू' म्हणायला जागा उरत नाही.

आणखी एक साक्षीदार तुमच्या लॅपटॉपमध्येच बसलेला असतो. विंडोजच्या शोधपट्टीत 'रिलायबिलिटी' टाइप करा. तारखांचा तक्ता उघडतो आणि ज्या दिवशी यंत्र नीट बंद न होता बंद पडलं, त्या दिवशी लाल फुली दिसते. सेंटरमध्ये देण्याआधी त्याचे फोटो काढा, कारण विंडोज नव्याने टाकलं की हा तक्ता पुसला जातो. दोषाचा व्हिडिओ घेताना खालचा सीरियल नंबर आणि चालू स्क्रीन एकाच न थांबवलेल्या चित्रीकरणात येऊ द्या.

जॉबशीटवर 'कंडिशन' असा एक रकाना असतो. तो कोरा सोडू नका. कोकणात, गोव्यात पावसाळी हवेने यूएसबीच्या तोंडाशी हिरवट गंज धरतो. पुढे त्यालाच 'लिक्विड डॅमेज' म्हटलं की वॉरंटी संपली. चारही कोपरे, बिजागऱ्या, सगळे पोर्ट यांचे फोटो त्यांच्या काउंटरवरच काढा.

घरी येणाऱ्या इंजिनिअरबद्दलही सांगतो. तो काम आटोपताना ओटीपी मागतो. तो आकडा दिला की तक्रार 'समाधानकारकरीत्या बंद' अशी नोंदली जाते. लॅपटॉप तापेपर्यंत चालवून बघा, मगच ओटीपी द्या. आणि मदरबोर्ड बदलायचा असेल, तर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजमधल्या डेटा कुलूपबंद ठेवणाऱ्या सोयीची, ४८ अंकी रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. बोर्ड बदलल्यावर ती मागितली जाते, नसेल तर डेटा गेला.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली म्हणे. म्हणजे आता आयोग धावत.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९चा, अंमल जुलै २०२० पासून. पहिली पायरी १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ऑनलाइन खरेदी असेल तर संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. नियमानुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निवारण करायचं. नाही झालं तर विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही पंधरा दिवसांची नोटीस पाठवा. मग जिल्हा आयोग. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही, तक्रार दाखल करायची मुदत दोन वर्षं. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. दुकान बंगळुरूचं असलं तरी साताऱ्यात दाखल करा. ऑनलाइनही करता येते.

जोडायचं काय? बिल, वॉरंटी, सगळ्या जॉबशीट तारखेच्या क्रमाने, ई-मेल, फोटो, प्रतिज्ञापत्र. मागणी स्पष्ट लिहा: लॅपटॉप बदलून द्यावा किंवा किंमत व्याजासह परत करावी, शिवाय नुकसानभरपाई आणि तक्रारीचा खर्च. 'तीनदा बिघडला की बदलून द्या' असा आकडा आपल्या कायद्यात नाही. म्हणून तर तोच दोष पुन्हा आला हे कागदावर दिसायला हवं.

आणि निकाल लागेपर्यंत लॅपटॉप विकू नका, बाहेर उघडू नका. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. चार्जरसकट खोक्यात ठेवा, बॅटरी निम्मी भरलेली असू द्या आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा निम्म्यावर आणा. पूर्ण उतरलेली बॅटरी पडून राहिली की मरते, आणि मग 'ग्राहकाने नीट ठेवला नाही' हा नवा मुद्दा समोरच्याच्या हाती लागतो. विचारा आता प्रश्न.