मर्जीतला अकरावा गडी

(दृश्य: सकाळ. इंदूरच्या रेसकोर्स रोडवरची रहदारी, मागे होळकर स्टेडियमचे दिव्यांचे खांब.)

इंदूरच्या जुन्या मराठी माणसाला क्रिकेटवर बोलतं करायला फार कष्ट पडत नाहीत. रामबागेत नाहीतर लोकमान्य नगरात, कुठल्याही ओट्यावर, विषय कालच्या मॅचवरून निघू द्या. दहा मिनिटांत तो कर्नलसाहेबांवर येतो. कर्नलसाहेब म्हणजे सी. के. नायडू. जन्म नागपूरचा, पण 1923 साली तुकोजीराव होळकरांनी त्यांना बोलावून घेतलं, फौजेत हुद्दा दिला आणि ते कायमचे इंदूरचे झाले. 1926मध्ये मुंबईच्या जिमखाना मैदानावर इंग्लंडहून आलेल्या एमसीसीची, म्हणजे मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या संघाची, त्यांनी धुलाई केली. 153 धावा, त्यात 11 षटकार. हे आकडे इथे न विचारताही ऐकायला मिळतात.

मग कुणीतरी म्हणतं, "पण छत्तीस साली त्यांच्याशी जे केलं, ते काही बरं नाही केलं."

छत्तीस साली काय केलं, तेच आज बघायचं आहे. राष्ट्रीय संघ म्हणजे एखाद्याच्या दरबारातली हुजरेगिरी होऊन बसली, तर मैदानावर काय होतं, त्याची ही हकीकत.

(दृश्य: जहाजाच्या डेकवर सूट-टायमधले खेळाडू, जुनी छायाचित्रं.)

त्या काळी भारताचा कर्णधार राजघराण्यातलाच हवा, असा जवळपास अलिखित नियम होता. पैसा संस्थानिकांचा, मैदानं त्यांची, बरेचसे खेळाडूही त्यांच्याच पगारावर. 1932च्या इंग्लंड दौऱ्याला कर्णधार म्हणून गेले पोरबंदरचे महाराज. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत, तीन डावांत मिळून त्यांच्या धावा झाल्या दोन. पण या माणसाला स्वतःची पायरी कळत होती. लॉर्ड्सवर भारताची पहिलीवहिली कसोटी आली तेव्हा ते बाजूला झाले आणि टॉससाठी नायडूंना पाठवलं. मला विचाराल तर पोरबंदरकरांची थट्टा पुरे झाली आता. जागा सोडणं भल्याभल्यांना जमत नाही.

नायडूही काही गोड स्वभावाचे नव्हते. शिस्तीला कडक, बोलायला तुटक. त्यांच्या हाताखाली खेळणार नाही म्हणून त्याच कसोटीच्या आदल्या रात्री काही खेळाडू अडून बसले होते. पतियाळाच्या महाराजांनी खडसावलं, तेव्हा ते मैदानात उतरले. संघात फूट होतीच. तिच्यात बोट घालणारा माणूस चार वर्षांनी आला.

विजयनगरमचे महाराजकुमार, विजयानंद गजपती राजू. सगळे त्यांना विझी म्हणत. क्रिकेटचं वेड खरं होतं, ते नाकारता येत नाही. 1930-31मध्ये त्यांनी जॅक हॉब्ज आणि हर्बर्ट सटक्लिफ या इंग्लंडच्या बिनीच्या जोडीला भारतात आणून आपल्या संघातून खेळवलं. वेड होतं, पैसा होता, व्हाइसरॉयच्या दरबारी वजन होतं. खेळ तेवढा बेताचा होता. 1936च्या इंग्लंड दौऱ्यासाठी आधी पतौडीच्या नवाबांचं नाव होतं. त्यांनी प्रकृतीमुळे माघार घेतली. उरले नायडू आणि विझी. निवड विझींची झाली.

दौऱ्यावर त्यांच्याबरोबर सामानाचे छत्तीस नग आणि दोन नोकर होते. मॅनेजर म्हणून आले मेजर ब्रिटन-जोन्स, व्हाइसरॉयच्या घरची व्यवस्था पाहणारे गृहस्थ. म्हणजे कर्णधाराबद्दल तक्रार करायची तर ती ऐकणाराही त्याच दरबारातला!

(दृश्य: लॉर्ड्सचं पॅव्हिलियन.)

लाला अमरनाथ तेव्हा चोवीस वर्षांचे. भारताचं पहिलं कसोटी शतक त्यांच्याच बॅटमधून आलेलं, आणि या दौऱ्यातही त्यांनी एसेक्सविरुद्ध दोन्ही डावांत शतकं ठोकली होती. मायनर काउंटीजविरुद्ध, म्हणजे इंग्लंडमधल्या लहान काउंट्यांच्या संघाविरुद्ध, लॉर्ड्सवर त्यांना पॅड बांधून बसायला सांगितलं. बसले. विकेट पडली, दुसराच गडी गेला. पुन्हा पडली, पुन्हा दुसराच. दिवस मावळताना अखेर त्यांची पाळी आली. परत आल्यावर ड्रेसिंग रूममध्ये त्यांनी पॅड, ग्लोव्ह्ज आपटले आणि पंजाबीतून काय सुनवायचं ते सुनवलं. विझींनी ते ऐकलं. वरिष्ठ खेळाडूंनी रदबदली केली, तिचा उपयोग झाला नाही. पहिली कसोटी तोंडावर असताना, दौऱ्यात 600हून अधिक धावा आणि 32 बळी नावावर असलेल्या या खेळाडूला बोटीत बसवून घरी पाठवलं.

लॉर्ड्सवर अमर सिंग यांनी 35 धावांत 6 बळी घेऊन इंग्लंडला 134वर गुंडाळलं. भारताला 13 धावांची आघाडी मिळाली होती. दुसऱ्या डावात संघ 93वर आटोपला आणि नऊ विकेटनी हरला. अमरनाथ असते तर जिंकलो असतो, असं छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. पण ते नव्हते, आणि नव्हते ते कुणाच्या तरी रागापायी.

(दृश्य: मँचेस्टर, ओल्ड ट्रॅफर्डचा जुना धावफलक.)

आता इंदूरचा दुसरा माणूस. मुश्ताक अली. जन्म इथलाच, 1914चा. पोरगेला असताना नायडूंनी हेरलेला. मँचेस्टरच्या दुसऱ्या कसोटीत इंग्लंडने 8 बाद 571वर डाव सोडला, भारत 368 धावांनी मागे. विजय मर्चंट आणि मुश्ताक सलामीला उतरले. एक मुंबईचा, पुस्तकातल्यासारखा शुद्ध. दुसरा इंदूरचा, पुढे सरसावून जलद गोलंदाजालाही न जुमानणारा. संध्याकाळी खेळ थांबला तेव्हा बिनबाद 190. मुश्ताकचं शतक त्याच दिवशी पुरं झालं होतं; परदेशात भारतीयाने केलेलं पहिलं कसोटी शतक. जोडी 203वर फुटली. मर्चंट 114, मुश्ताक 112. कसोटी वाचली.

या भागीदारीला एक किस्सा चिकटलेला आहे, आणि क्रिकेटवाल्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. पहिल्या डावात मुश्ताक अपघाताने धावबाद झाला होता: मर्चंटचा फटका मुश्ताकच्याच बॅटला लागून क्षेत्ररक्षकाकडे उडाला. दुसऱ्या डावाला निघताना म्हणे विझींनी मुश्ताकला बाजूला घेतलं आणि सुचवलं, या वेळी मर्चंटला धावबाद कर. मर्चंट नायडूंच्या गोटातला, म्हणून. मुश्ताकने वाटेतच मर्चंटना ते सांगून टाकलं. दोघं हसले आणि 203 धावा जोडल्या. किस्सा सांगताना रंगवला गेला असेलही. पण ज्या कर्णधाराबद्दल अशी गोष्ट संघातलेच लोक खरी मानून सांगतात, त्याच्या संघाची अवस्था काय असेल?

मग लंडनचं ओव्हल मैदान. 15 ऑगस्ट 1936, तिसरी कसोटी. शूट बॅनर्जी हा बंगालचा जलद गोलंदाज संधीची वाट पाहत होता. खेळला बाका जिलानी. सांगतात ते असं, की जिलानींनी न्याहारीच्या टेबलावर सगळ्यांदेखत नायडूंचा अपमान केला आणि कसोटीची टोपी हे त्याचं बक्षीस. टेबलावर काय झालं, त्याची कुठे नोंद नाही. धावफलक मात्र आहे. जिलानींची 15 षटकं, एकही बळी नाही. वॉल्टर हॅमंडने 217 ठोकले. भारत पुन्हा नऊ विकेटनी हरला. दुसऱ्या डावात चाळिशी ओलांडलेल्या नायडूंनी 81 धावा केल्या. ती त्यांची शेवटची कसोटी.

आणि कर्णधार? तीन कसोट्यांत मिळून 33 धावा. दौरा चालू असतानाच त्यांना 'सर' किताब मिळाला, तो अर्थातच धावांसाठी नव्हता.

(दृश्य: मुंबई उच्च न्यायालयाची इमारत.)

परतल्यावर चौकशी बसली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर जॉन बोमाँट तिचे अध्यक्ष. जानेवारी 1937मध्ये अहवाल आला. कर्णधाराला क्षेत्ररचना कळत नाही, गोलंदाजीतले बदल कळत नाहीत, फलंदाजीचा ठरलेला क्रम असा नाहीच, हे त्यात स्वच्छ लिहिलं. अमरनाथ निर्दोष ठरले. पण मधे महायुद्ध आलं, आणि भारत पुढची कसोटी खेळला तो थेट 1946मध्ये.

(दृश्य: यशवंत क्लबचं मैदान, सायंकाळ.)

इंदूरकर इथे लगेच म्हणतील, आमच्याकडेही राजाच होता की. होताच. होळकरांचा संघ राजाच्या पैशावर उभा होता, नोकऱ्याही राजाच्याच. मर्जी इथेही चालत होती. फरक एवढाच की यशवंतराव होळकरांनी टॉस करायचा हट्ट धरला नाही. तो नायडूंकडे सोपवला. 1946च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध याच शहरात, वयाच्या पन्नाशीत, नायडूंनी 200 धावा काढल्या आणि होळकर संघाने पहिल्यांदा करंडक जिंकला. एकूण चार वेळा जिंकला.

त्याच वर्षी मे महिन्यात, ओव्हलवरच, सरे या इंग्लिश काउंटी संघाविरुद्ध भारताचे नऊ गडी 205वर बाद झाले. खेळपट्टीवर होता इंदूरचा चंदू सरवटे, होळकर संघातला, व्यवसायाने बोटांच्या ठशांचा तज्ज्ञ. त्याच्या साथीला अकरावा म्हणून आला तोच शूट बॅनर्जी. दोघांनी 249 धावा जोडल्या. सरवटे नाबाद 124, बॅनर्जी 121. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या दोघांनीही एकाच डावात शतक ठोकल्याचं प्रथम श्रेणी क्रिकेटमधलं हे एकच उदाहरण. तरीही बॅनर्जींना पहिली कसोटी मिळायला 1949 उजाडलं. तिच्यात त्यांनी पाच बळी घेतले, आणि ती त्यांची एकमेव कसोटी.

1954-55च्या मोसमात होळकर संघ आपला शेवटचा रणजी अंतिम सामना इंदूरमध्ये मद्रासकडून हरला आणि पुढच्या वर्षी होळकर हे नाव स्पर्धेतून गेलं. त्या मोसमात भारतीय क्रिकेट बोर्डाच्या अध्यक्षपदावर होते विजयनगरमचे महाराजकुमार.