कृपया वैध ई-मेल पत्ता लिहा

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील या छोट्या कारखान्यात शीट मेटलचे जॉबवर्क चालते. गेटवरच्या पाटीवर, बिलांवर आणि चलनांवर एकच ई-मेल पत्ता छापलेला आहे. पुढे कारखान्याचे नाव आणि शेवटी 'डॉट इंडस्ट्रीज'. एका मोठ्या खरेदीदाराच्या पोर्टलवर पुरवठादार म्हणून नोंदणी करताना मालकांनी जीएसटी क्रमांक भरला, पॅन भरला, रद्द केलेला धनादेश स्कॅन करून जोडला, आणि ई-मेलच्या चौकटीखाली लाल अक्षरे उमटली : 'कृपया वैध ई-मेल पत्ता लिहा.' त्याच पत्त्यावर सकाळी पुण्याहून परचेस ऑर्डर आली होती.

संगणकांच्या जाळ्यावरून पहिला ई-मेल रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये पाठवला आणि टपाल पोहोचवण्याचे नियम ऑगस्ट १९८२ मध्ये 'एसएमटीपी' या नावाने लिहिले गेले. त्या नियमांत लहान-मोठा असा भेद नाही. पाठवणारा सर्व्हर डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातील '@' नंतरच्या नावाच्या, नोंदीत एवढेच पाहतो, की या नावाचे टपाल कोणता सर्व्हर स्वीकारतो. मग तो जीमेलचा असो वा अंबडच्या कारखान्याचा.

भेद निर्माण होतो तो अर्जाच्या चौकटीत. काही वेळा कारण निव्वळ जुनाट असते : पत्त्याचा शेवट दोन ते चार अक्षरांचाच असणार, असे गृहीत धरून लिहिलेली तपासणी वर्षानुवर्षे एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर उतरवली जाते. वास्तविक सहा अक्षरी 'डॉट म्युझियम' २००१ पासून आहे आणि २०१३ नंतर अशा लांब शेवटांची रीघच लागली. देवनागरीतील 'डॉट भारत' २०१४ मध्ये सुरू झाले, पण तसा पत्ता स्वीकारणारा अर्ज शोधावाच लागतो.

दुसरे कारण जरा समजण्यासारखे आहे. काही मिनिटांपुरता पत्ता देणाऱ्या सेवा वापरून लोक फुकटच्या ट्रायल पुन्हा पुन्हा घेतात आणि खोटी खाती उघडतात. त्यांना अडवण्यासाठी अशा डोमेनच्या याद्या इंटरनेटवर उपलब्ध आहेत. परंतु यादी एकदा उचलून बसवली, की ती पुन्हा कोणी तपासत नाही, आणि एखादी प्रामाणिक, पण फारशी प्रसिद्ध नसलेली सेवा चुकून तीत गेली, तर तिच्या ग्राहकांना दाद मागायला खिडकीच नसते. काही ठिकाणी तर उलटाच प्रकार आहे : चार-पाच ठरावीक नावे सोडून बाकी सारे बाद. पत्ता खरा आहे की नाही, हे त्यावर एक लिंक पाठवून ती उघडली जाते का, एवढ्यावरून कळते. नावावरून अंदाज बांधणे हा, स्पष्टच बोलायचे तर, आळस आहे.

मालकांनी शेवटी जीमेलचे खाते उघडले. गंमत अशी, की नंतर एका सॉफ्टवेअरच्या ट्रायलसाठी तेच दिले, तर उत्तर आले : 'कंपनीचा ई-मेल द्या.'

कारखान्याच्या डोमेनवरचा पत्ता माणसे बदलली तरी कारखान्याकडेच राहतो. जीमेलच्या खात्याला मात्र अकाउंटंटचा वैयक्तिक मोबाइल क्रमांक जोडलेला आहे, आणि त्या पोर्टलवरच्या सगळ्या एन्क्वायरी आता तिथेच येतात.