दुपारी दाखवलेले घर

(दृश्य : दुपारची गल्ली. उभ्या स्कूटरच्या सावलीत झोपलेली पिवळी कुत्री.)

पुण्यातील कर्वेनगरच्या एका गल्लीत दुपारचे दोन वाजले आहेत. तापलेल्या रस्त्यावर चिटपाखरू नाही. स्कूटरच्या सावलीत एक पिवळी कुत्री अंग टाकून पडली आहे आणि तिच्या पलीकडे, विजेच्या डीपीजवळ, आणखी तीन कुत्री निवांत झोपली आहेत. भाड्याने द्यायची घरे बहुतेक वेळा याच सुमारास दाखवली जातात, कारण एजंटाला ही वेळ सोयीची असते आणि नोकरदार माणसाला शनिवार-रविवारची दुपारच काय ती मोकळी मिळते. समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरचे हे दोन खोल्यांचे घरही गेल्या श्रावणात एका तरुण जोडप्याला असेच दुपारी दाखवले गेले. पाण्याची वेळ, पार्किंग, मेंटेनन्स या सगळ्याची चौकशी झाली. गल्ली शांत आहे ना, असे विचारल्यावर एजंटाने खिडकी उघडून दाखवली, आणि त्या वेळी गल्ली खरोखरच शांत होती.

(दृश्य : तीच गल्ली, रात्री पावणेदोन. कॅबच्या दिव्यांचा झोत.)

आता तीच गल्ली रात्री पाहा. हिंजवडीहून उशिराची पाळी संपवून येणाऱ्या कर्मचाऱ्यांची कॅब वळणावर आली की पिवळी आधी कान टवकारते आणि एकदाच भुंकते. तेवढ्यावर डीपीजवळची तिघे उठून गाडीच्या मागच्या चाकाशी धावतात, त्यांचा आवाज ऐकून शेजारच्या गल्लीतील कुत्री उत्तर देतात, आणि गाडी निघून गेल्यावरही हे सवाल-जवाब बराच वेळ थांबत नाहीत. आपल्या हद्दीत शिरलेल्या अनोळखी वस्तूला हुसकावणे हा कुत्र्याचा स्वभाव आहे आणि गाडी दर वेळी निघूनच जात असल्यामुळे, आपण तिला हुसकावले, अशी त्याची खात्री पटत जाते.

भाद्रपदात हा आवाज किती वाढतो, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. पिवळी माजावर आली आणि आसपासच्या चार गल्ल्यांमधले नर या इमारतीच्या फाटकाशी गोळा झाले. पडद्यावर दिसणारी ही झटापट सोसायटीच्या फाटकावरील कॅमेऱ्याने टिपलेली आहे. गुरगुरणे, केकाटणे, मध्येच एखाद्याने मान वर करून लांबलचक रडणे, आणि कुत्रे रडले की आजही अनेक घरांत कोणीतरी अपशकुनाच्या धास्तीने उठून खिडकी लावते. भाडेकरू जोडप्याची शयनगृहाची खिडकी नेमकी फाटकावर उघडत होती. आश्विनात त्यांनी घर सोडले, करारातल्या लॉक-इनवर, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी घर सोडता येणार नाही या अटीवर, बोट ठेवून त्यांची निम्मी अनामत रक्कम कापली गेली आणि घर पुढचे तीन महिने रिकामे राहिले.

(दृश्य : घरमालकीणबाई खिडकीशी. हातात भाडेकराराची प्रत.)

या घराच्या मालकीणबाई याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. कुत्र्यांचा त्रास त्यांना ठाऊक होता, परंतु तीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या कानांना तो ऐकू येईनासा झाला होता, असे त्या म्हणतात, आणि त्यात खोटे काही नसावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकावर आहे, आणि ती त्यांनी पाळलेली होती. जागेतील दोष सांगण्याविषयी १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचे कलम ५७ बोलते, मात्र ते माणसाला किंवा मालमत्तेला धोका पोहोचवू शकेल अशा दोषापुरते. रात्रीची झोप उडवणारे भुंकणे त्यात बसवणे अवघड आहे. तरीही जे घरमालकाला माहीत आहे आणि दुपारी येणाऱ्याला दिसूच शकत नाही, ते सांगणे हे घरमालकाचेच काम आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रिकाम्या घराच्या काळजीने मालकीणबाईंना पहिला सल्ला मिळाला तो कुत्री उचलून कोठेतरी लांब, घाटापलीकडे सोडून देण्याचा. हा सल्ला प्रत्येक सोसायटीत मिळतो आणि तो बेकायदा आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजचे लसीकरण करून त्यांना जिथून पकडले तिथेच परत सोडायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही हेच तत्त्व कायम ठेवले आणि रेबीज झालेली, त्याचा संशय असलेली किंवा आक्रमक कुत्री तेवढी त्यातून वगळली. विष घालण्याची भाषाही काही ठिकाणी ऐकू येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. शिवाय गल्लीतली कुत्री हलवली म्हणून गल्लीतला कचरा आणि खरकटे हलत नाही. त्या अन्नावर शेजारची, लस न घेतलेली कुत्री येऊन बसतात आणि हद्दीची भांडणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

(दृश्य : पहाट. कुत्री पकडणारी गाडी, जाळी घेतलेले कर्मचारी.)

कार्तिकातल्या एका पहाटे महापालिकेने नेमलेल्या संस्थेची गाडी गल्लीत आली. तिच्यामागे महिनाभराची खटपट आहे. आधी तक्रार नोंदवली गेली, मग गल्लीतील कुत्र्यांची मोजणी झाली. वॉचमनकाकांनी आपल्या हजेरीच्या वहीच्या मागच्या पानावर पिवळी, काळू, तिरंगी, लंगडा अशी सात नावे, नर-मादी आणि झोपायची जागा यांसह लिहून काढली. रोज रात्री या कुत्र्यांना दूध-पोळी घालणाऱ्या ताई त्या पहाटे मुद्दाम हजर राहिल्या, कारण त्यांच्या हाकेला कुत्री जवळ येतात आणि जाळीमागे धावाधाव करावी लागत नाही. लंगडा स्वतः चालत पिंजऱ्यात शिरला. काळूने मात्र अर्धा तास चकवले, आणि तो सापडला तेव्हा ताईंनी तोंड फिरवले, ते येथे दिसतेच आहे.

(दृश्य : शस्त्रक्रियागृह. मादीच्या कुशीवरचे केस काढले जात आहेत.)

शस्त्रक्रियेपूर्वी कुत्र्याला उपाशी ठेवतात, तपासतात आणि भूल देतात. मादीच्या कुशीवरचे केस काढून, त्वचा निर्जंतुक करून लहानशी चीर घेतली जाते आणि तिच्यातून अंडाशय व गर्भाशय काढले जातात. नराचे वृषण काढतात. भूल उतरण्याआधीच कानाला त्रिकोणी खाच दिली जाते, कारण पुढे आयुष्यभर रस्त्यावरून दुरूनही ओळखू येईल असा हाच एक दाखला त्या प्राण्याजवळ असतो. त्याच वेळी रेबीजची लसही टोचली जाते. रेबीज रोखण्यासाठी वस्तीतील किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळालेली असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या गल्लीतील सातांपैकी सहा कुत्री त्या आठवड्यात गेली आणि पाचव्या-सहाव्या दिवशी त्याच डीपीजवळ परत सोडली गेली. सातवी पिवळी होती. तिला तेव्हा नुकतीच पिल्ले झाली होती, म्हणून तिला पौषापर्यंत थांबावे लागले.

नसबंदीने भुंकणे बंद होते, असे आम्ही म्हणणार नाही. हद्दीवर आलेल्या अनोळखी माणसावर कुत्रे भुंकणारच. मात्र माजावर आलेली मादी नसली की बाहेरचे नर गोळा होत नाहीत, त्यांच्या मारामाऱ्या आणि ते रात्रभराचे रडणे राहत नाही, आणि दर वर्षी नव्या पिल्लांची भर पडणे थांबते.

(दृश्य : इमारतीच्या मागची पंपाची खोली. स्टीलच्या दोन थाळ्या.)

आणखी एक बदल अगदी साधा होता. कुत्र्यांचे खाणे पूर्वी फाटकाशी, म्हणजे बरोबर शयनगृहाच्या खिडकीखाली, रात्री साडेअकराला घातले जाई, आणि जिथे खातात तिथेच ती मुक्कामाला राहत. खाऊ घालण्याची जागा जिन्यापासून, ये-जा करण्याच्या दारांपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी, असे २०२३ चे नियमच सांगतात. ताई आणि सोसायटीची समिती यांच्यात यावरून आधी कडू बोलणी झाली, ती आमच्या कॅमेऱ्यात नाहीत. आता थाळ्या मागे, पंपाच्या खोलीजवळ मांडल्या जातात, वेळ रात्री नऊची ठरली आहे, आणि ओल्या कचऱ्याचे डबे फाटकाच्या आत, झाकण लावून ठेवले जातात.

घराच्या आतही काही काम झाले. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीच्या कडेला बसवलेला हा केसाळ पट्टा पाहा, तो झिजून बोटभर फट पडली होती. जिथून वारा येतो तिथून आवाजही येतो. पट्टा बदलला, जाड पडदा लावला आणि पलंग मागच्या खोलीत हलवला.

(दृश्य : रात्री साडेअकरा. जिन्यात दिवा लागतो.)

माघात घर पुन्हा दाखवले गेले. फोनवर मालकीणबाईंनी सांगितले, "अहो, दुपारी या, पण रात्री साडेअकरानंतर पुन्हा एकदा येऊन जा, आणि मगच टोकन द्या." एजंटाला हे रुचले नाही. रुग्णालयात काम करणाऱ्या दोन परिचारिका सांगितल्याप्रमाणे रात्री आल्या, खिडकी उघडी ठेवून अर्धा तास बसल्या, आणि त्यांच्यासमोरच एक मोटारसायकल गल्लीत शिरल्यावर काळू चार वेळा भुंकला. करारात एक कलम वाढवले गेले : रात्रीच्या कुत्र्यांच्या आवाजाची कल्पना दिलेली आहे, आणि या कारणाने पहिल्या दोन महिन्यांत घर सोडल्यास लॉक-इन लागू होणार नाही व अनामत रक्कम पूर्ण परत मिळेल. त्या दोघी अजून याच घरात राहतात.

(दृश्य : पंपाच्या खोलीजवळ पिवळी. कानाला ताजी खाच. शेजारी एक पिल्लू.)

पिवळीच्या चार पिल्लांपैकी दोन पावसात भिजून गेली, एक घरी नेले गेले आणि एक तिच्याजवळ आहे. सहा महिन्यांखालील पिल्लांची नसबंदी करत नाहीत. वॉचमनकाकांच्या वहीच्या मागच्या पानावर त्याचे नाव आठवे आहे, आणि त्यापुढे त्यांनी लिहिले आहे : मादी, वैशाखात गाडीला फोन करणे.